दाराखालचे पाय

तळमजला, भोपाळ
गुरुवार, ८ मे

प्रिय विलास,

तुला आणि सरोजला आशीर्वाद. खाली आम्ही ठीक. तुम्हीही ठीक असाल. सकाळी तुझा खोकला ऐकू येतो, त्यावरून समजतं. एका जिन्याच्या अंतरावर पत्र पाठवतोय म्हणून हसू नकोस. पाण्याच्या मोटरीवरून आपलं बोलणं बंद झालं, तेव्हापासून हा जिना मला चढवत नाही. गुडघ्यामुळे म्हण, नाहीतर कशामुळेही. पत्र तुमच्या दुधाच्या पिशवीत ठेवतोय.

कारण मृणालचं आहे. आपल्या परागने त्याच्या पोरीला बैतूलहून माझ्याकडे ठेवलं ते एम. पी. नगरच्या क्लाससाठी, हे तुला माहीतच आहे. रविवारी सकाळी तिची वकिलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. तीही घरूनच, कॉम्प्युटरवर. दुसऱ्या गावाहून कुणीतरी कॅमेऱ्यातून तिच्यावर नजर ठेवणार. आधी सगळी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. खोलीत दुसरं माणूस नको, दुसऱ्याचा आवाज नको. आला तर पेपर तिथंच बंद करू शकतात. वर्षभराची मेहनत, आणि पेपर बंद! मी सातवी शिकलेला, गोविंदपुऱ्यातला फिटर. आमच्या वेळी मास्तर वर्गातून फिरायचे, पोरं खोकली तरी चालायचं.

इन्व्हर्टरमध्ये पाणी भरलं. बेलची वायर काढली. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं. मृणाल शांत आहे. "आजोबा, टेन्शन मत लो ना," म्हणते आणि पोहे खाते. मलाच घास उतरत नाही.

तर रविवारी सकाळी मोटर लावू नका, एवढंच लिहायला बसलो होतो.

पण एवढंच नाही. मागच्या रविवारी तिनं सराव परीक्षा दिली, तेव्हा मध्येच पडद्यावर लाल पट्टी आली, खोलीत कुणाचा तरी आवाज येतोय म्हणून. मी तडक जिन्याच्या पायथ्याशी जाऊन सरोजवर ओरडलो, "मुद्दाम लावता मोटर! पोरीच्या जिवावर उठलात!" सगळ्या कॉलनीनं ऐकलं. तू नेमका बाजारात होतास. सरोज एवढंच म्हणाली, "भाऊजी, मोटर बंद आहे. हात लावून बघा." मी बघितलं नाही.

संध्याकाळी मृणालनं मला रेकॉर्डिंग दाखवलं. तिच्या पाठीमागे बंद दार, दाराखाली फट, आणि त्या फटीत दोन पाय, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि आवाज: "घाबरू नको गं बाळ, शांत राहा, शांत राहा." मोटर कुठेच नव्हती. मी तोंडानं बोलतोय हे मला खरंच कळलं नव्हतं रे.

"कोई बात नहीं, आजोबा," पोर म्हणाली. "पण काकीआजीला सॉरी म्हणा."

अजून म्हटलेलं नाही.

बाहेर जाऊन बसावं तर तेही करून पाहिलं. काल ती पुन्हा सरावाला बसली आणि मी पार्कात गेलो. लाइट गेली असेल असं वाटून निम्म्यातूनच परत आलो आणि दार ढकललंच. पुन्हा लाल पट्टी. या वेळी ती कोई बात नहीं म्हणाली नाही.

म्हणून विचारतो. रविवारी पेपर संपेपर्यंत मी वर तुमच्याकडे येऊन बसू का? मला "दादा, गप बस" म्हणायची हिंमत लहानपणापासून एकट्या तुझ्यात आहे. मध्येच उठलो तर हाताला धरून बसव. काय वाटेल ते बोललो तरी खाली जाऊ देऊ नकोस. सरोजला जे म्हणायचं ते तिच्यासमोर उभं राहून म्हणेन, पत्रातून नाही.

नको म्हणालास तरी राग नाही. हो असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस. रविवारी सकाळी वरचं दार नुसतं लोटून ठेव. आणि मी आत आलो की आठवणीनं कडी लाव.

तुझाच,
दादा