आयची हनुवटी

गिरीज, वसई
६ मार्च १९९९

प्रिय फ्लॉईड,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला नको ती शंका आली असेल, म्हणून आधी हेच सांगते: आय आहे, चालती-फिरती आहे. नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे आपण भावंडांनी आठ वर्षांत एकमेकांना काही लिहिलेलं नाही, त्यामुळे पत्र लांबणार. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते ना, तेव्हा निवांत वाच.

मागच्या वर्षी आयच्या जबड्यात गाठ निघाली. कर्करोग. तुला कळवायचं नाही असा तिने मला दमच दिला होता. ऑपरेशन झालं, आणि गाठीबरोबर खालच्या जबड्याचा पुढचा भाग, अख्खी हनुवटी, काढावी लागली. रोग गेला असं डॉक्टर म्हणतात. पण खालच्या ओठाला आता आधारच नाही. लाळ थांबत नाही, पेज आणि कुस्करलेलं केळं यावर दिवस काढते. ओठ मिटत नाहीत म्हणून प, फ, ब, म तिला म्हणता येत नाहीत. रोझरीतलं 'नमो मारिया' मनातच म्हणते. तुझं नाव तिने इतकी वर्षं घेतलं नाही ते हट्टाने. आता घ्यायचं ठरवलं तरी जमायचं नाही. मिस्साला जाते, पण चर्चच्या शेवटच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसते आणि कम्युनियनला सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागेल म्हणून त्याआधीच उठून घरी येते. बाजारात केळी घेऊन बसणारी, गिऱ्हाइकाला शब्दाने गार करणारी आपली आय. मला ते बघवत नाही रे.

वाकड्या रेघा काढायचा पगार मिळतो का, असं तू मला चिडवायचास. अजून तोच मिळतो. संगणकावर वक्ररेषा आणि पृष्ठभाग घडवायचे: मोटारीचं बॉनेट, पंख्याचं पातं, शाम्पूच्या बाटलीचा गळा. मांडवाचे खांब कुठे रोवायचे ते आपण ठरवतो आणि कापडाला कुठे किती बाक येईल ते गणित ठरवतं, एवढाच माझा प्रबंध. इतकी वर्षं ते मी बाटल्यांसाठी केलं. मग डॉक्टर म्हणाले की आयच्या पायातलं हाड काढून त्याचा नवा जबडा बसवता येईल, पण ते हाड कापून जुळवायला समोर हुबेहूब नमुना हवा. मी म्हटलं, नमुना मी करते.

स्कॅनमध्ये जबड्याचे पावासारखे काप दिसतात. प्रत्येक कापाची कड म्हणजे एक वक्ररेषा. त्या ओळीने रचायच्या आणि वरून पृष्ठभाग चढवायचा. एरवी एक बाजू गेली की दुसरी उलटी करून बसवतात. आयची दोन्हीकडची गेली आहे. ऑपरेशनआधीचा स्कॅन आहे, पण त्यात गाठीने हाड आधीच फुगवलेलं. लग्नाच्या फोटोत ती खाली मान घालून उभी आहे. शेवटी मधली जागा मी इतर लोकांच्या जबड्यांची सरासरी काढून भरली. गोखिवऱ्याला जितेश म्हणून माझा जुना विद्यार्थी प्लास्टिकच्या खुर्च्यांचे साचे करतो, त्याने नमुना मशीनवर कोरून दिला. मी तो मोठ्या ऐटीत घरी आणला.

दुधी उलटसुलट करून पाहावा तसा तिने तो पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला. कुणाची ही, असं विचारलं. कुणाचीच नाही, सरासरी आहे, असं मी सांगितलं. मग अर्धं शब्दांनी, अर्धं हातांनी तिने मला समजावलं, की परक्या बाईचं तोंड घेऊन वर गेले तर तुझे बाबा मला ओळखणार कसे? ही लावायची असेल तर ऑपरेशन नको. मी चिडले. फरक फार तर तीन-चार मिलिमीटरचा असेल, बाबांनी आयुष्यात तुझ्याकडे इतकं निरखून पाहिलं तरी होतं का, असंही बोलून गेले. त्यावर ती हसली. पण नमुना काही तिने पुन्हा हातात घेतला नाही. आणि खरं सांगू? पडद्यावर तो चेहरा फिरवून फिरवून बघताना मलाही त्यात आय सापडेना.

वाडी अजून आहे. ज्या बिल्डरला ती विकावी म्हणून तू भांडलास, त्याने पलीकडची वाडी घेऊन चार माळ्यांच्या इमारती उठवल्या. आपल्या विहिरीचं पाणी खारट होत चाललंय, माड रोडावलेत. तुझं चुकलं की तिचं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. तुझी खोली तिने कुणाला दिलेली नाही, एवढं मात्र पाहते.

ईस्टरनंतरची तारीख मिळाली आहे. आणखी लांबवलं तर आतली कातडी आवळून जाईल, मग हाड बसायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. रक्ताच्या नात्यात कुणाची ठेवण तिच्यासारखी असेल तर त्याच्या स्कॅनवरून मधला भाग बेतता येईल, हेही त्यांनीच सुचवलं. माझा जबडा बाबांचा, लांबोडका. तुझ्या बाप्तिस्म्याला फर्डिनंडमामांनी तुला उचलून, माझ्या बहिणीची हनुवटी पळवली या चोराने, असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. तर मला तुझ्या जबड्याचा स्कॅन हवा आहे. तिथे काढून कुरियरने पाठवलास तरी माझं काम होईल. पण तिला विचारल्याशिवाय तुला लिहायचं नव्हतं. परवा ती अळू चिरत होती, तेव्हा मी सांगितलं की एकाच माणसाच्या हनुवटीवरून तुझी करता येईल, आणि नाव घेतलं नाही. ती चिरत राहिली. विषय संपला असं समजून मी उठले. तेव्हा तिने विळी बाजूला सारली, पदराने ओठ पुसला आणि म्हणाली, "त्याला सांग, ये." नुसता स्कॅन पाठवला तरी चालतं, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

तुझीच,
निरोप पोचवणारी थोरली बहीण
सालोमी