अकराव्या मिनिटानंतर

ता. ३ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू घाई करतेस आणि मी भांडते, म्हणून पत्रच बरं. माझा कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडतो. रंगाच्या कारखान्यातल्या नऊ आजारी कामगारांच्या साक्षी मी त्यात रेकॉर्ड केल्यात. अठ्ठावीसच्या सुनावणीत त्या टाइप करून द्यायच्या आहेत. आठ झाल्या. नववी मिस्त्रींची. ते गेल्या महिन्यात वारले. उरलाय तो एवढा आवाज. अकराव्या मिनिटाला यंत्राने मान टाकली. थंड करून पुन्हा लावलं, तर दोन मिनिटंही टिकेना. दुकानात नेणार नाही. सुनावणीआधी साक्षी घराबाहेर जाणार नाहीत, असा कामगारांना शब्द दिलाय. मला यात कारखानदाराचा हात दिसतो.

तुझी, जीव टांगणीला लागलेली,
आत्या

ता. ७ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

कारखानदाराचा नव्हे, धुळीचा हात आहे. प्लग काढ, बाजूचं झाकण उघड, पंख्यावरची धूळ ब्रशने झटक. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. आणि घाबरू नकोस, रेकॉर्डिंग शाबूत असेल.

बाबा तुझी रोज चौकशी करतात. त्याच कारखान्यात वीस वर्षं सुपरवायझर होते ना! मिस्त्री काय बोलले, हेच सारखं विचारतात.

काळजी घे, मला रागाव पण विसरू नकोस.
तुझी ठकू

ता. ११ जानेवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

अर्धवट काम मला जमत नाही, हे तू जाणतेस. पंखा काढला, त्याखालचा धातूचा ठोकळाही काढला. त्याला आणि खालच्या चिपला करडं किटण चिकटलं होतं. स्पिरिटने घासून दोन्ही आरशासारखी लख्ख केली. आता यंत्र मिनिटभरसुद्धा चालत नाही! माझ्या हातून मिस्त्रींचा आवाज गेला का गं? जेवण जात नाही.

उत्तराकडे डोळे लावून,
आत्या

ता. १४ जानेवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

पुन्हा चालू करू नकोस! ते किटण नव्हतं, उष्णता चिपमधून ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट होती. आवाज डिस्कवर आहे, तिला तू हात लावलेला नाहीस. नवी ट्यूब कुरियरने पाठवली आहे. मटारच्या लहान दाण्याएवढी चिपच्या मधोमध लाव, ठोकळा सरळ दाब, समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळ.

ट्यूब पाठवू नकोस म्हणून बाबा माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. का, ते कळेना.

तुझ्या आशीर्वादाची गरज असलेली,
ठकू

ता. १९ जानेवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

पेस्ट लावली. यंत्र पंचावन्न अंशांवर शांत चालतंय. मिस्त्रींचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

विषारी वाफ बाहेर टाकणारा पंखा दोन वर्षं बंद होता, ते सांगतात. त्यांनी तीनदा तक्रार केली. सुपरवायझरने तिन्ही अर्ज फाडले. त्याचं नावही त्यांनी घेतलंय. ठकू, ते नाव तुझ्या बाबांचं आहे.

ते ऐकल्यावर माझा हात प्लगकडे गेला. एक वायर ओढली की यंत्रावर खापर फोडून मोकळी झाले असते. हात मागे घेतला आणि नाव टाइप केलं. माझाच धाकटा भाऊ. त्याला मी बोट धरून चालायला शिकवलंय.

सुनावणीला नऊ दिवस आहेत. तोवर त्याने स्वतः येऊन खरं सांगावं, मी त्याच्या शेजारी उभी राहीन. नाही आला, तर समोर उभी राहीन. हे पत्र त्याला तूच वाचून दाखव.

यानंतरही तुझा लोभ उरला, तर दोन ओळी लिही.
आत्या