हिलाच्या दलदलीजवळचं खोड

हेलसिंकी, १४ सप्टेंबर १९८७

ती. बाबांस, ऐलाचा सा. न. वि. वि.

पावाच्या कागदात गुंडाळून पाठवलेली खोडावरची बुरशी पोचली. तीन आठवडे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आहे. संग्रहालयातले सगळे खण उपसले, पण हिच्यासारखी एकही नाही. बाबा, ही बहुतेक नवी जात आहे. आठ वर्षं मी दुसऱ्यांनी ठेवलेली नावं चिठ्ठ्यांवर लिहिते आहे, आता पहिल्यांदा नाव मी ठेवणार. पण एका तुकड्यावर भागत नाही. त्याच खोडावरचा दुसरा हवा. जागा कळवा, मी येते.

तब्येतीला जपा, ही विनंती.
ऐला

कुह्मो, २१ सप्टेंबर

चि. ऐलास अ. उ. आ.

तुकडा मीच आणीन, जागा विचारू नकोस. त्या खोडाला लागून माझी हिलाची, जुलैत पिकणाऱ्या पिवळ्या रानफळांची, दलदल आहे. तुझी आई, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, चाळीस वर्षं त्या पिवळ्या फळांचा मुरंबा घालत होती, पण तिलाही मी पत्ता लागू दिला नाही. तू छापलंस की जुलैत अख्खा गाव बादल्या घेऊन हजर होईल. शिकलेल्या मुली फार भोचक होतात बघ.

माया आहेच.
अर्वो

कुह्मो, १९ ऑक्टोबर

चि. ऐलास अ. उ. आ.

दोनदा निघालो, दोनदा ओढ्यावरून परतलो. खुबा साथ देत नाही. डॉक्टर फेब्रुवारीत ऑपरेशन करू म्हणतात. मी नको म्हटलं, आता पुरे झालं. सोबतच्या बंद पाकिटात नकाशा आहे. माझ्या वडिलांनी ही जागा मला अंथरुणावरून सांगितली, त्यांना त्यांच्या वडिलांनी तशीच. पाय संपले की सांगायची, एवढाच नियम. बर्फाआधी जाऊन ये. बुरशीला माझं नाव देऊ नकोस, म्हातारा कुजला म्हणतील.

सुखी राहा.
अर्वो

हेलसिंकी, २६ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून कामावर सगळ्यांदेखत रडले. साहेब म्हणतात, घाई कर, स्वीडनमधलं कुणीतरी हीच बुरशी शोधतं आहे. शोधू दे. त्यांनी आधी नाव दिलं तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ते मी सोसेन.

पाकीट न उघडता परत पाठवते आहे. ऑपरेशनला होकार कळवा, मी रजा घेऊन येतेच. जुलैत तुम्ही पुढे, मी मागे. ती जागा मला अंथरुणावरून नको, बाबा.

लोभ तर आहेच, हट्टही तेवढाच आहे.
तुमची ऐला