मोमोचा कान

प्रिय भाविका,

पत्र बघून तुला हसू येईल. मेसेज केला असता तर चाललं असतं, पण तू बोलतेस तो फोन तुझ्या आईचा, आणि त्यावर काहीही आलं की पप्पा चष्मा लावून वाचायला बसतात. म्हणून कागदावर लिहितोय. आमच्या वर्कशॉपमधला नीरज सुट्टीवर मीरा रोडला चाललाय, तो तुझ्याच हातात देईल. माझं अक्षर सातवीत जिथे थांबलं तिथेच आहे, सांभाळून घे.

आधी सशांचं. रविवारी दोघांतला एक घराबाहेर जाणार असं पप्पा म्हणालेत, आणि चावरा म्हणून बटाट्याच जाणार. तर फोनवर मी जे सांगितलं ते विसर आणि आता असं कर. बटाट्याचा पिंजरा गॅलरीत आहे तिथेच राहू दे, मोमोला हॉलमध्ये मोठ्या खोक्यात ठेव. रोज बटाट्याच्या अंगाखालचं फडकं तिच्याकडे टाक, तिचं त्याच्याकडे. सशाला आधी वास ओळखीचा व्हावा लागतो, तोंड नंतर. मग दोघांना शेजारी ठेव, पण मध्ये हातभर जागा सोड, म्हणजे दिसेल पण चावता येणार नाही. बटाट्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यावं लागेल, ते मोमोच्या कानाला टाके घालणाऱ्या डॉक्टरलाच विचार, आणि त्यानंतर महिनाभर थांब. मग जिथे बटाट्या कधी फिरलेला नाही अशा जागी दोघांना पाचच मिनिटं सोड. शेजारच्या विमलाबाईंची आतली खोली रिकामी असते, त्या नाही म्हणणार नाहीत. तू मध्ये जाड टॉवेल घेऊन बस. हे रविवारपर्यंत होणारं काम नाही, मला कळतंय. पण निदान पप्पांकडून मुदत मागता येईल.

बटाट्या आधी असा नव्हता गं. माझ्या आईचं दुखणं वाढलं तेव्हा मी त्याला आणला, घरात तिला कुणीतरी सोबत म्हणून. ती ओरडली होती, म्हणाली, औषधं आणायला पाठवला तर हा जनावर घेऊन आला. नंतर कोथिंबीर निवडताना काड्या बाजूला काढायची, ह्याच्यासाठी. ती गेली त्याला अडीच वर्षं झाली. काड्या तू पण देतेस, असं तुझी आई सांगत होती. ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही.

खरं तर मला हल्ली काहीच धड कळत नाही. पप्पांनी लग्न केलं ते चांगलंच झालं असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पण लग्नानंतर पंधरा दिवसांत काशीमीऱ्याच्या गॅरेजमधलं चांगलं चाललेलं काम टाकून मी इथे गांधीधामला ट्रकची इंजिनं उघडत बसलोय, आणि आता इथूनही निघावंसं वाटतंय. कुठे, ते माहीत नाही. राग आहे म्हणावं तर कुणावर ते सापडत नाही. तुझ्या आईवर धरायला जावं तर ती आधी जेवलास का विचारते. तिला काय हाक मारायची तेही ठरत नाही, मी आपला हॅलो म्हणून सुरू करतो. तू मात्र पहिल्या दिवसापासून दादा म्हणून मोकळी झालीस.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तुझ्या मैत्रिणीच्या, हिनाच्या घरचे नया नगर सोडून गावी गेले आणि तू तिच्या मोमोला घरी आणलंस, त्या दिवशी मला विचारलंस, दादा, हिला कुठे ठेवू. मी म्हणालो, सरळ बटाट्याच्या पिंजऱ्यात सोड, आपोआप जमेल. तुला वाटतंय मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. काशीमीऱ्याच्या गॅरेजवर मालक ईश्वरशेठनी असाच नवा ससा जुन्याच्या पिंजऱ्यात सोडला होता, नव्याचा डोळा गेला, आणि दोघांना मीच फडकं टाकून सोडवलं होतं. का बोललो ते आठवडाभर शोधतोय. त्या घरात जागा रिकामी नाही हे कुणीतरी दाखवावं, मी नाही तर बटाट्याने, असं काहीतरी त्या क्षणी डोक्यात आलं असेल. कान फाटेल असं वाटलं नव्हतं, पण चावेल हे वाटलं होतं. आणि काल तू रडत म्हणालीस की दादाने बरोबरच सांगितलं असणार, माझंच काहीतरी चुकलं, मी मोमोलाच देऊन टाकते, बटाट्या दादाचा आहे. तुझं काही चुकलेलं नाही. बटाट्याचंही नाही. हे पत्र पप्पांना दाखव, तुझ्या आईलाही. बोलायचं ते त्यांनी मला बोलावं. आणि हे वाचून झाल्यावर मला दादा म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी खाली नुसतं नाव लिहितोय.

पराग