पापण्यांना रंग लागत नव्हता

बाबा, काल त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझी मान पाहिली, सुजलेल्या पापण्या पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ गाजर गवत आहे का?" हुडकेश्वरच्या आमच्या घराला लागून जो रिकामा प्लॉट आहे, त्यात दुसरं काही उगवतच नाही. कंपाउंडमधून आत आलेलं मी दर रविवारी हातानं उपटते. त्याचा बारीक कचरा वाऱ्यानं उडतो, उघड्या मानेवर, पापण्यांवर बसतो आणि तिथली नाजूक चामडी फुटते, असं त्या म्हणाल्या. मी तिथेच खुर्चीत संतापले. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

तुमची मान अशीच फुटायची, पापण्या अशाच सुजायच्या. तुम्ही सूत रंगवायचात म्हणून सगळ्यांनी रंगालाच धरलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडून, हातही न लावता फर्मावलं, "रंगाचं काम सोडा." आईनं वांगं बंद केलं, मग लोणचं, मग तुमचं अंथरूण वेगळं केलं. पण बाबा, रंगाच्या घमेल्यात तुमचे हात बुडत होते, पापण्या नाही. हात तर धडधाकट होते. एवढं साधं कुणाला दिसू नये? ताणा पसरायच्या आदल्या दिवशी, सूत अडकू नये म्हणून तुम्ही घरामागची जागा साफ करायला बसायचात. मला अजून दिसतं, अंगात नुसतं बनियन, उकिडवे बसून मुठीमुठीनं तेच गवत उपटताय. आई दारातून म्हणते, "अवो, हाताले काही तरी गुंडाळा ना." तुम्ही म्हणता, "याले काटे कुठी आहे वं? मऊ तर आहे."

तुमच्यासारखा डाळिंबी रंग आपल्या मोहल्ल्यात कुणाला साधत नव्हता. तो सोडून तुम्ही मिहानकडच्या मोकळ्या जागेवर चौकीदारी धरली. तिथे खुर्चीच्या चारही बाजूंनी तेच गवत. खाज वाढली, तर लोकांनी ठरवलं की रंग अंगात मुरलाय. तुम्हीही मानलंत. शेवटच्या आजारपणात मामाला म्हणालात, "माह्या रंगानंच मले खाल्लं गा." त्या बिचाऱ्या रंगानं तुमचं काहीएक वाईट केलं नव्हतं. आयुष्यभराची कला तुम्ही फुकट सोडलीत, आणि एका माणसानं तरी नीट वाकून तुमच्या मानेकडे पाहिलं असतं तर सोडावी लागली नसती. याचा मला इतका राग येतो की काल घरी येताना मी रिक्षावाल्यावरही उगाच ओरडले.

दारात आई बसली होती. आता तिला कमी दिसतं. रंगाची घमेली तिनंच भंगारवाल्याला दिली होती, तुमचा जीव वाचावा म्हणून. तिनं विचारलं, "काय म्हणे वं डॉक्टरीण?" सगळं ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "उष्णता आहे म्हणे." तशी ती उठली, चाचपडत स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "मंग आजपासून तुले वांगं बंद."

तिला सांगायचं ते सगळं तुम्हाला लिहिलं, बाबा. तिला मी नुसतं हो म्हटलं.