पांढऱ्या बागेत लाल लुगडं

मु. निर्णा

आदरणीय गुंडेराव अण्णा यांना व्यंकटचा जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे आणि सुशीलावहिनींचा खोकला बसला का, ते कळवावं. तुमची बहीण विमल तुमच्याकडेच आहे, तेव्हा माझ्या बायकोची खुशाली तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. इकडे मी ठीक आहे. (हे वाक्य तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचावं.)

गेल्या पौर्णिमेच्या सकाळी मी ओलं फडकं घेऊन तगरीची फुलं पुसत होतो. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडची माती तांबडी. बैलगाडी गेली की धुरळा उडतो आणि पांढऱ्या फुलाला विटकरी काठ लागतो. शेजारच्या राजूबाई कुडावरून म्हणाल्या, “व्यंकटअण्णा, फुलांची त्वांडं कामून धुवायलाव? साळंत घालायची हायती का?” मला अजून प्राजक्त उरकायचा होता. त्याची फुलं पालथी पडतात आणि केशरी देठ वर येतात. ती एकेक उलटून ठेवल्याशिवाय अंगण पांढरं दिसत नाही.

हे खूळ कुठून शिरलं, असं तुम्ही विचाराल. बीदरला कचेरीच्या कामाला गेलो होतो. काम झालं नाही, म्हणून एका साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. आत नुसती पांढरी फुलं. इतका वेळ न हलता मी आयुष्यात कुठं उभा राहिलेलो नाही. आपल्या गावात अजून विहार नाही, पौर्णिमेची वंदना माझ्याच अंगणात होते. वाटलं, इथंही लोकांना तसंच शांत बसता यावं. रंग एक असला की मनही एका जागी राहील. (मन कुणाचं, ते तेव्हा ठरवलं नव्हतं.)

पण पांढरा रंग एक नसतो, अण्णा. तगर दुधासारखी, गुलछडी मेणासारखी, शेवंती ताकासारखी. तगरीशेजारी शेवंती लावली तर शेवंती मळकी दिसते. तिथून काढून जुईखाली नेली तर जुई दिसेनाशी होते. मोगरा पावसाआधीच फुलून मोकळा झालेला, त्याची जागा नुसती हिरवी. रोज संध्याकाळी एक झाड उचलायचं, दुसरीकडं लावायचं, रस्त्यापर्यंत जाऊन लांबून बघायचं, पुन्हा उचलायचं. झाडांनी मुळं धरायची कधी? हुमनाबादच्या बाजारातून, पांढरी म्हणून शपथेवर दिलेली, दुसरी शेवंती पिवळी निघाली. तिच्या कळ्या मी उमलायच्या आत खुडतो. (मनाला लागतं, पण हात थांबत नाही.) दारासमोरची विमलची अबोली मी न्हाणीमागं हलवली. ती फुलं तोडायला रोज मागं जाऊ लागली, एवढंच.

मग ती पौर्णिमेची संध्याकाळ. सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत येऊन बसलेल्या. विमलला शेतातून यायला उशीर झाला. हातपाय धुऊन ती तशीच, लाल लुगड्यात, नेमकी तगरीपुढं बसली. मी डोळे मिटायला गेलो. मिटेनात. त्रिशरण संपलं तसा मी सगळ्यांदेखत म्हणालो, “विमल, जरा भिंतीकडं सरक. रंग मधी यायलाय.”

ती म्हणाली, “रंग दिसला व्हय? मी न्हाई दिसले.”

वंदना तिनं अर्धी टाकली नाही. शेवटपर्यंत बसली, हात जोडले, आणि सकाळच्या पहिल्या मोटारीनं तुमच्याकडं आली.

आता बाग मला हवी तशी झाली आहे. दुसरा रंग शोधून सापडणार नाही. मी तिच्यात बसतो आणि उठतो. मोटारीचा भोंगा वाजला की फाट्यापर्यंत जाऊन येतो. कुणी विचारलं तर मुरूम बघायला आलो म्हणून सांगतो. तीन ओंजळी आणूनही ठेवला आहे. तरी हे पत्र तिला बोलावण्यासाठी नाही. तिनं सावकाश यावं, ज्वारी निघाल्यावर आली तरी चालेल.

आपला,
व्यंकट

ता. क. ज्वारीचं वाक्य तिला वाचून दाखवू नये. दाखवून झालं असेल तर निदान ते माझं अक्षर नव्हे, असं सांगावं.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो, तर राजूबाईंनी अडवलं. पत्र कसलं ते त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. म्हणाल्या, “माफी टपालानं धाडायलाव व्हय? बोललाव आमच्या म्होरं, आता मागंबी आमच्याच म्होरं घ्या. न्हाईतर विमलक्का कामून येईल?” बोलणं रास्त होतं. आपल्यात चारचौघांत लागलेला शब्द चारचौघांतच उतरतो. अडचण एवढीच, की त्या चौघी निर्ण्यात आणि विमल तुमच्या कोहिनूर गावात.

तेव्हा अण्णा, त्या संध्याकाळी वंदनेला बसलेल्या सगळ्या बाया मी बरोबर घेतल्या. हुमनाबादला मोटार बदलली. आता तुमच्या गल्लीच्या तोंडाशी अंबाजीच्या हॉटेलात बसून हे लिहितो आहे आणि पत्र त्याच्याच हाती धाडतो आहे. वहिनींना भात जास्त टाकायला सांगावं. विमलला ओसरीवर बसवावं. तुम्ही येऊन ‘आत या’ म्हणाल, तोवर थांबायचा माझा विचार होता. पण राजूबाईंचा चहा संपला, त्या पदर खोचून पुढं निघाल्या, आणि मीही उठलो आहे.