समुद्राकडे तोंड करून

२ जानेवारी १९३८, उत्तन
ठरलं. पुढच्या महिन्यात सत्तावीसला वांद्र्याच्या एका क्लबात वजन उचलायची स्पर्धा आहे. मी उतरणार. काल होडी वर ओढायला गावचे सगळे पुरुष जमले. मीही बाह्या सरसावल्या. तर सासरे, व्हिक्टर, सगळ्यांदेखत म्हणाले, जावय, तू आमच्या चपला सांभाळ. मिठागराच्या ऑफिसात लेखणी चालवतो म्हणून काय झालं? दीडशे पौंड डोक्यावर धरून दाखवतो त्यांना.

५ जानेवारी
जुना बारबेल मिळाला. भाईंदरहून बैलगाडीने आणला. सोबत इंग्रजी पुस्तक. त्यातला स्नॅच मला शोभेल. जमिनीवरून एका दमात डोक्यावर, त्याच वेळी खाली उकिडवं बसायचं, मग उठायचं. सोपं आहे.
संध्याकाळी: उकिडवं बसलं की टाचा उचलतात आणि मी मागे पडतो. रिकाम्या हातांनीसुद्धा.

९ जानेवारी
बायकोची, मार्सेलिनची, शिवणाची टेप घेतली. माझी मांडी तिच्या भावापेक्षा, कॅजिटनपेक्षा, तीन इंच लांब. हातही लांब. पुस्तक म्हणतं, लांब मांडीचा माणूस खाली बसला की बूड मागे जातं, आणि घोटा ताठ असेल तर संपलंच. म्हणजे दोष माझा नाही, हाडांचा. कॅजिटन जाळं शिवत तासन्‌तास उकिडवा बसतो, टाचा जमिनीला चिकटून. त्यात कसब कसलं? आखूड माणसाला खाली जायला अंतरच किती.

१७ जानेवारी
घोट्यांना रोज खोबरेल. ऑफिसात खुर्ची बंद, उकिडवं बसूनच काम.
दुपारी साहेबांनी विचारलं, टेबलाखाली काय शोधताय. खुर्ची पुन्हा चालू.

२३ जानेवारी
घरची जमीन उखडेल म्हणून मार्सेलिनची कटकट. बारबेल वाळूवर नेला. समुद्राकडे तोंड केलं. तिथे चांगला उतार, चवडे खाली आणि टाचा उंच. म्हणजे काम आणखी कठीण. तरी बसलो. टाचा टेकलेल्या! उठलोसुद्धा. घोटे सुटले. खोबरेलाचा गुण.

६ फेब्रुवारी
दीडशे पौंड झाले. मार्सेलिन म्हणाली, उतारावर टाचा वर राहतात म्हणून जमतंय, सपाटीवर करून बघ. नाहीतर माझे लग्नातले उंच टाचेचे बूट घालून जा. राग आला. जेवलो नाही.
नंतर जेवलो. बोंबलाचं कालवण होतं.

१३ फेब्रुवारी
सासऱ्यांना बघायला बोलावलं. त्यांना माझं तोंड दिसावं म्हणून आज गावाकडे वळून उभा राहिलो. पाठीवर आपटलो. दृष्ट लागली, दुसरं काय. ते म्हणाले, लागलं काय रे? बस्स. वांद्र्याला येणार का विचारलं. येतो म्हणाले. यापुढे समुद्राकडे तोंड करूनच तालीम. तिकडून दृष्ट लावायला कोणी नसतं.

२६ फेब्रुवारी
उद्या. क्लबात फळ्यांची सपाट जमीन आहे म्हणे. उतारावर तयार झालेल्याला सपाटी म्हणजे पोरखेळ. मार्सेलिनने पिशवीत गुपचूप बूट भरले होते. काढून टाकले.

२७ फेब्रुवारी
फळ्या चुकीच्या आहेत. तीनदा उचललं, तीनदा टाचा सुटल्या, तीनदा मागे बसलो. तिसऱ्यांदा बारबेल गडगडत पंचांच्या खुर्चीपर्यंत गेला. उजेडही डोळ्यांवर येत होता. सासरे पहिल्या बाकावर होते. स्पर्धेनंतर हौशी लोक हात लावून बघत होते. कॅजिटन पायजमा दुमडून पुढे झाला, तेवढंच वजन घेऊन खाली बसला आणि तिथूनच इकडेतिकडे बघायला लागला. जमिनीवर जेवायला बसल्यासारखा.
परतताना माझी पिशवी सासऱ्यांनी स्वतः उचलली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२ मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळात वजन उचलणं सोडलं. त्याग म्हणून. कपाळावर राख आहे.
सोडण्याआधी एकदाच, म्हणून वाळूवर गेलो. मार्सेलिनला समोरून बघायचं होतं, ती लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. दीडशे पौंड. खाली बसलो, टाचा टेकलेल्या, जरा थांबलो, उठलो. ती म्हणाली, झालं की रे.
तेवढ्यात मागून आरडाओरडा. होडी लागली होती, सगळे पुरुष जमलेले. धावत गेलो, बाह्या सरसावल्या. सासऱ्यांना विचारलं, आत्ता बघितलंत? ते म्हणाले, काय?
मग त्यांनी बोट दाखवलं. चपला माझ्यासाठी एका बाजूला काढून ठेवल्या होत्या.